पिल्लांचे ‘पेपर’ करायला खरा खर्च किती? ठाण्यातल्या पशुवैद्यकाचं उत्तर

कोलशेतच्या एका कुटुंबाचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांची लॅब्रॅडोर मादी जुई दोन वर्षांची आहे. तिचे केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वंशावळ नोंदणीचे, पेपर आहेत, पण त्यावर अजून आधीच्या मालकाचंच नाव आहे. घोडबंदर रोडवरच्या ओळखीच्या घरात एक नर आहे, दिसायला देखणा, स्वभावाने शांत, पण त्याचे पेपर सापडत नाहीत. पुढच्या हीटला, म्हणजे जुई माजावर येईल तेव्हा, दोघांचं मेटिंग करावं असं दोन्ही घरांच्या मनात आहे. मध्येच एका ‘पेपर करून देणाऱ्या’ माणसाने सांगितलं की पिल्लामागे सहा हजार द्या, नराच्या जागी दुसऱ्या पेपरवाल्या नराचं नाव टाकून सगळी नोंदणी करून देतो. नोंदणीला एवढा खर्च येतो का, आणि हा मार्ग धरावा का, असं त्यांनी विचारलं आहे.

मार्ग धरू नका. खर्चाचं उत्तर लांबलचक आहे, पण हे आधी सांगते, कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. तो माणूस तुमच्याकडून नोंदणीचे पैसे घेत नाहीये, खोट्या बापाचे पैसे घेतोय. लॅब्रॅडोरला सात पिल्लं होणं अगदी नेहमीचं, म्हणजे बेचाळीस हजार रुपये. त्या बदल्यात जुईच्या सातही पिल्लांच्या कागदावर असा कुत्रा बाप म्हणून लागेल, ज्याने जुईला कधी पाहिलेलंही नाही.

आता खरा खर्च. आपल्याकडे शुद्ध जातीच्या कुत्र्यांची सर्वांत जास्त चालणारी नोंदवही केसीआयची. मुख्यालय चेन्नईत. तिथे पैसे एका रकमेत जात नाहीत, वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे भरावे लागतात: मादीची मालकी तुमच्या नावावर करणं, विणीची नोंदणी, प्रत्येक पिल्लाचं प्रमाणपत्र, प्रत्येक पिल्लाची मायक्रोचिप. पिल्लांच्या नावापुढे तुमच्या केनेलचं नाव हवं असेल तर त्याची नोंदणी वेगळी, पण एकाच विणीपुरतं ते कोणीही करू नये. अर्ज उशिरा गेला की दर वाढतो, आणि हौशी माणसाचे जास्तीचे पैसे बहुतेक वेळा इथेच जातात. पिल्लं झाली, रात्रीची झोप उडाली, पै-पाहुणे पिल्लं बघायला येऊन गेले, आणि अर्जाची आठवण झाली तेव्हा पिल्लं दोन-तीन महिन्यांची झालेली असतात. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी केसीआयचं त्या दिवशीचं दरपत्रक स्वतः उघडून बघा, कोणाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. सगळं वेळेत केलंत तर चिपसकट पिल्लामागचा खर्च त्या मध्यस्थाच्या सहा हजारांच्या जवळपासही जात नाही.

हे कळलं की बाजारातल्या भावांकडेही वेगळ्या नजरेने बघता येतं. ‘पेपरशिवाय पंधरा, पेपरसकट पंचवीस’ असं बोलणं ठाण्यात काय, नेरुळ-खारघरला काय, सर्रास ऐकू येतं. पण विणीची नोंदणी होते तेव्हा अख्ख्या विणीची होते. आईबाप दोघेही नोंदलेले असतील तर एकाच आईच्या पिल्लांना दोन भाव का, हे विकणाऱ्याला थेट विचारावं. बहुतेक वेळा त्या वरच्या दहा हजारांमागे एकतर विकणाऱ्याचा शुद्ध नफा असतो, नाहीतर तुमच्या मध्यस्थासारखा कोणी तरी.

पिल्लांना वंशावळीचा पेपर मिळण्यासाठी आई आणि बाप दोघेही त्या नोंदवहीत असावे लागतात. एकटी जुई नोंदलेली असून भागत नाही. नर कितीही देखणा असो, नोंदवहीच्या लेखी तो नसेल तर त्याची पिल्लंही नाहीत. पण ‘पेपर सापडत नाहीत’ आणि ‘पेपर नव्हतेच’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यातलं खरं काय ते दोन मिनिटांत कळू शकतं. त्या नराला जवळच्या कुठल्याही बऱ्या दवाखान्यात नेऊन स्कॅन करून घ्या.

चिप म्हणजे सुमारे बारा मिलिमीटर लांबीची काचेची बंद नळी. मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली सुईने सोडतात. तिला बॅटरी नसते आणि कुत्रा कुठे आहे हेही ती सांगत नाही, हा गैरसमज फार मोठा आहे. स्कॅनर वरून फिरवला की ती पंधरा आकडी क्रमांक परत पाठवते, बस. काही कुत्र्यांत ती वर्षानुवर्षांत सरकून खांद्यावर किंवा पुढच्या पायाच्या वरच्या भागात जाते, म्हणून मानेवर काही लागलं नाही तर मी दोन्ही खांदे, कोपरापर्यंतचा पाय आणि छातीची बाजू सावकाश फिरवून बघते. आपल्या कुत्र्याला चिप आहे हे मालकालाच माहीत नव्हतं, असं माझ्या टेबलावर अनेकदा झालंय. विकणाऱ्याने पिल्लू दिलं, पेपर ‘नंतर देतो’ म्हणाला, नंतर फोन उचलला नाही. क्रमांक मिळाला तर त्यावरून नोंदवहीत शोध घेता येतो, आणि कुत्रा नोंदलेला निघाला तर प्रमाणपत्राची दुसरी प्रत काढण्याचा रस्ता मोकळा होतो. चिप लागलीच नाही आणि ब्रीडरही सापडत नसेल, तर तो विषय तिथेच सोडून द्यायचा.

जुईचं नाव तुमच्याकडे आणायचं काम मात्र नराचं काहीही ठरो, आजच सुरू करा. नोंदवहीच्या लेखी मादीचा नोंदलेला मालक तोच पिल्लांचा ब्रीडर. आज जुई व्याली तर तिची पिल्लं नोंदवायचा हक्क कागदोपत्री आधीच्या मालकाकडे आहे, तुमच्याकडे नाही. मालकी बदलायला त्यांची संमती लागते. माणसं गाव बदलतात, नंबर बदलतात, कधी मन बदलतात. ‘आमच्या कुत्रीची पिल्लं विकून पैसे कमावताय ना’ अशी आधीच्या मालकाची कुरबुर मी ऐकलेली आहे. संबंध चांगले आहेत तोवर सही घेऊन टाका.

आता त्या खोट्या नावाकडे परत येते, कारण पुष्कळ चांगली माणसंही ‘कोणाचं काय बिघडतंय’ म्हणून याला तयार होतात.

कुत्र्यांची नोंदवही माणसाच्या शब्दावर उभी असते. लंडनचा केनेल क्लब 1873 मध्ये स्थापन झाला, अमेरिकन केनेल क्लब 1884 मध्ये, आणि तेव्हापासून जगभर पद्धत तीच: ब्रीडर सांगतो अमुक मादी, अमुक नर, अमुक तारीख, आणि नोंदवही ते लिहून घेते. मेटिंगच्या वेळी तिथे कोणी अधिकारी उभा नसतो. अमेरिकन केनेल क्लबने वारंवार वापरल्या जाणाऱ्या नरांसाठी 2000 सालापासून डीएनए नमुना सक्तीचा केला, त्यामागचं कारण हेच. शब्दावर चालणारी व्यवस्था तपासायची कधी तरी वेळ येतेच.

एकदा खोटं नाव शिरलं की ते त्या पिल्लापुरतं राहत नाही. समजा जुईच्या पिल्लांचा बाप म्हणून ‘अ’ नावाचा नर लागला, खरा बाप ‘ब’. तीन वर्षांनी त्यातली एक मादी कळव्यात कोणाकडे आहे, आणि तिच्यासाठी नर शोधताना तिचा मालक मोठ्या काळजीने पेपर बघतोय. ‘ब’ची पिल्लं त्याच भागात आणखी चार घरांत आहेत. पेपरवर दोघांचं काहीच नातं दिसत नाही, म्हणून तो निर्धास्तपणे त्यातल्याच एका नराशी मेटिंग करतो. प्रत्यक्षात ती सावत्र भावंडं. सावत्र भावंडांच्या पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक किमान 12.5 टक्के, म्हणजे त्यांच्या दर आठ जनुकस्थानांपैकी सरासरी एका ठिकाणी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या. बाप-लेक किंवा सख्ख्या भावंडांत तो 25 टक्क्यांवर जातो. ब्रिटिश केनेल क्लबने सख्ख्या भावंडांची आणि आईबापांशी झालेल्या मेटिंगची पिल्लं नोंदवणं 2009 मध्ये बंद केलं ते याच कारणाने. अंतःप्रजननात एकेरी असताना लपून राहणारे दोष दोन्ही बाजूंनी येऊन उघडे पडतात.

लॅब्रॅडोरमध्ये असे दोष कागदी नाहीत, रोज दिसतात. पीआरए नावाच्या आजारात डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होतो. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग दिवसाचंही. ईआयसीमध्ये धडधाकट तरुण कुत्रा जोरात पळाल्यावर मागच्या पायांतून कोसळतो. दोन्ही अप्रभावी जनुकांचे आजार: आई आणि बाप दोघेही वाहक, स्वतः अगदी ठणठणीत, आणि त्यांच्या प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता चारात एक. बापाचं नाव खरं असेल तर एका पिल्लात आजार निघाल्यावर बाकीच्या घरांना सावध करता येतं, त्या नराचं पुढचं मेटिंग थांबवता येतं. नाव खोटं असेल तर बोट भलत्याच कुत्र्याकडे जातं आणि खरा वाहक पुढची दहा वर्षं पिल्लं देत राहतो. माझा राग आहे तो याच्यावर. सहा हजारांचं काय, ते जातात नि येतात.

घरी जुईचं प्रमाणपत्र असेलच, ते टेबलावर पसरून बघा. तिची जात, रंग, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक, चिप क्रमांक, ब्रीडर आणि मालक. आधी चिप क्रमांक तिच्या अंगातल्या चिपशी जुळतो का ते बघायचं. एका घराने असंच आणलेलं पिल्लू माझ्याकडे लसीसाठी आलं होतं. पेपर चकचकीत, शिक्का ठळक, आणि स्कॅनरवर आलेल्या पंधरा आकड्यांतले शेवटचे चार वेगळे. दुसऱ्याच पिल्लाचा पेपर होता. विकणाऱ्याने ‘गडबडीत अदलाबदल झाली’ म्हणून सांगितलं, आणि बरोबरचा पेपर शेवटपर्यंत आला नाही. क्रमांक जुळला की मग वंशावळ. तीन पिढ्या म्हणजे चौदा पूर्वज: दोन, चार, आठ. आईच्या बाजूची नावं एका कागदावर उतरवा, बापाच्या बाजूची शेजारी, आणि एकच नाव दोन्हीकडे येतंय का ते शोधा. आजोबांच्या रांगेत आलं तर विचारात पडायला हवं, पणजोबांच्या रांगेत एकदा आलं तर घाबरण्यासारखं नाही. नराचे पेपर मिळाले तर त्याचीही अशीच रांग जुईच्या शेजारी लावा. मेटिंगचा निर्णय घेताना पेपरचा सर्वांत मोठा उपयोग हाच, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

पेपर काय सांगत नाही, तेही तितकंच स्पष्ट हवं. सातबारा जमीन कोणाची ते सांगतो, विहिरीला पाणी आहे का ते सांगत नाही. तसाच हा पेपर. अमेरिकन केनेल क्लब स्वतःच उघडपणे म्हणतो की नोंदणी म्हणजे दर्जाची किंवा तब्येतीची हमी नव्हे. उलट जर्मन शेफर्डची मूळ जर्मन संस्था, 1899 मध्ये स्थापन झालेली एसव्ही, नोंदणीलाच कंबरेच्या एक्स-रेची आणि प्रजननाच्या परवानगीची जोड देते, म्हणून तिथल्या कागदाला वेगळं वजन आहे. आपल्याकडे ही तपासणी तुम्हाला स्वतःहून करावी लागते. लॅब्रॅडोरला कंबरेचा डिसप्लेसिया (सांधा खोबणीत नीट न बसणं) आणि कोपराचे विकार मोठ्या प्रमाणात होतात. गुंगी देऊन, पाय सरळ ताणून काढलेल्या एक्स-रेवरून कंबरेला ए ते ई अशी श्रेणी मिळते. ए आणि बी पुढे जायला ठीक. डी किंवा ई आलेल्या मादीचं मेटिंग मी स्वतः कधीच सुचवत नाही, पेपर कितीही नामांकित वंशाचे असोत. जुई आता दोन वर्षांची आहे, म्हणजे या एक्स-रेसाठी वय अगदी योग्य.

खर्चाचा मोठा भाग इथे आहे, नोंदणीत नाही. एक्स-रे आणि गुंगी, पीआरए-ईआयसीसाठी डीएनए चाचणी, मेटिंगआधी नर-मादी दोघांची ब्रुसेलाची रक्तचाचणी (हा जंतू गर्भपात घडवतो आणि माणसालाही लागू शकतो, म्हणून ही चाचणी टाळूच नका), मेटिंगचा दिवस नेमका कळावा म्हणून प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या चाचण्या, नराच्या मालकाची स्टड फी (नर वापरल्याचे पैसे) किंवा निवडीचं एक पिल्लू. मग साधारण 63 दिवसांचं गाभणपण, सोनोग्राफी, शेवटचा एक्स-रे. रात्री अडलीच तर सिझेरियन, आणि त्या एका रात्रीचं बिल सातही पिल्लांच्या नोंदणीला मागे टाकतं. त्यानंतर आठ आठवडे सात तोंडं: जंत औषध, पहिली लस, चौथ्या आठवड्यापासून खाणं, आणि फ्लॅटमध्ये दिवसातून वीस वेळा पुसायची फरशी. पावसाळ्यात पिल्लं झाली तर पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर उठणाऱ्या विषाणूच्या आजाराची, धास्ती वेगळी. हे सगळं एका वहीत मांडून बघा आणि शेजारी पिल्लं विकून येणारी रक्कम लिहा. नीट केलेल्या एका विणीत हौशी घराच्या हाती फारसं काही उरत नाही. उरतं ते बहुधा चाचण्या गाळल्यामुळे.

पिल्लं विकायची असतील तर कायद्याचाही विचार हवा. कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीबाबत केंद्राचे 2017 चे नियम आहेत. त्यानुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. अठरा महिन्यांच्या आतल्या मादीचं मेटिंग करता येत नाही, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ‘चाळीस दिवसांत घेऊन जा’ म्हणणारे अजूनही भरपूर आहेत. आईपासून इतक्या लवकर तोडलेली पिल्लं चावरी, घाबरट निघतात हे मी सतत बघते. तुमच्या पिल्लांना आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत कोणी कितीही गळ घातली तरी देऊ नका.

जाता जाता एक गोंधळ दूर करते, कारण तो तुमच्या पत्रातही दिसला. सोसायटीने मागितलेला ‘कुत्र्याचा पेपर’ म्हणजे केसीआयचा नव्हे. तो महापालिकेचा परवाना, रेबीजच्या लसीच्या दाखल्यासह काढायचा. ठाण्यात ठाणे महापालिकेचा, वाशी-नेरुळ-कोपरखैरणेला नवी मुंबई महापालिकेचा. तो गावठी कुत्र्यालाही लागतो आणि चौदा पूर्वजांचा पेपर असलेल्यालाही. केसीआयचं प्रमाणपत्र दाखवून परवाना टळत नाही, आणि ते नाही म्हणून सोसायटीला कुत्रा अडवताही येत नाही. बाजारात केसीआयखेरीज इतर क्लबांचीही प्रमाणपत्रं फिरतात, तेव्हा पिल्लू घेणाऱ्याने वरचं नाव नीट वाचावं. नोंदवह्या वेगळ्या असल्या की नोंदीही वेगळ्या. आपल्या भागातला सडपातळ शिकारी कुत्रा केसीआयकडे ‘कारवान हाऊंड’ म्हणून नोंदतात, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबकडे ‘मुधोळ हाऊंड’ म्हणून.

आता जुईचं काय करायचं. नराला चिप निघाली, पेपर मिळाले, दोघांच्या वंशावळीत जवळचं नाव जुळलं नाही, कंबर आणि डोळे बरे निघाले, तर पुढच्या हीटला नव्हे, त्याच्या पुढच्या हीटला मेटिंग ठेवा. लॅब्रॅडोर साधारण सहा ते आठ महिन्यांनी हीटवर येते, म्हणजे तोवर मालकी बदलून होईल आणि चाचण्यांचे निकालही हाती असतील. जुई तेव्हा तीनच्या आत-बाहेर असेल, काही बिघडत नाही.

नराचे पेपर निघालेच नाहीत आणि तरीही पिल्लं हवीच असतील, तर एकच विचारते: किती घरांनी नक्की सांगितलंय? ‘आम्हाला एक ठेवा हं’ म्हणणाऱ्या सातांपैकी आठव्या आठवड्यात तीन-चार उरतात. कोणाच्या सासूबाई नको म्हणतात, कोणाची बदली होते, कोणाचं भाड्याचं घर. उरलेली तीन पिल्लं चार महिन्यांची होऊन तुमच्याच हॉलमध्ये असतील, हे आधी घरात सगळ्यांनी बसून मान्य करा. तसं मान्य नसेल तर मेटिंग करू नका. ‘एकदा तरी पिल्लं व्हायलाच हवीत, नाहीतर मादी आजारी पडते’ या बोलण्याला वैद्यकीय आधार काहीच नाही. उलट नसबंदी न केलेल्या मादीला वय वाढेल तसा गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो, आणि पोट फुगलेल्या, पाणी पीत सुटलेल्या अशा माद्या माझ्याकडे दर महिन्याला येतात. पिल्लं नकोत असं ठरलं तर जुईची नसबंदी हीट संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी करून घ्या, हीट चालू असताना नाही. आणि त्या मध्यस्थाला आजच ‘नको’ म्हणून कळवा, जुईच्या प्रमाणपत्राचा फोटो त्याला पाठवू नका. तिचा नोंदणी क्रमांक हाती लागला तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी पिल्लांची आई म्हणून तिचं नाव टाकायलाही मागेपुढे बघणार नाही. फोटो आधीच पाठवला असेल, तर जुईची कोणतीही वीण झालेली नाही असं आधीच्या मालकाच्या सहीने केसीआयला लेखी कळवून ठेवा.